दाबघर

किल्ली माझ्याकडे असते. वीतभर लांब,
तिच्या गंजाला आता माझ्या हाताची सवय झालीय.
महिन्यातून एका शनिवारी उघडते मी हे दार
आणि आलेल्या चार-दोन माणसांना आधी सांगते,
डोकं सांभाळा. मग सांगते, आवाज ऐका.
आवाज नसतोच. तोच ऐका म्हणते.

फिरत्या पुलापासून साठ पावलांवर ही इमारत.
परक्यांना चर्च वाटतं. त्यांची काय चूक?
लाल विटांच्या उंच कमानी,
खिडक्यांवर पिवळ्या विटांच्या भुवया,
एका टोकाला चौकोनी मनोरा, घंटा नसलेला.
रेल्वे कंपनीकडे तेव्हा पैसा होता,
आणि यंत्रालाही चारचौघांत शोभेल असं घर हवं
असं कुणा नकाशेवाल्याला वाटलं असणार.

आत वाफेची दोन इंजिनं, आडवी,
एका अंथरुणावरच्या भावांसारखी,
एक झोपलं की दुसरं जागं.
त्यांचं काम एवढंच, पाण्याला रेटायचं.
पाणी भिडायचं मनोऱ्यातल्या दांड्याला,
दांड्यावर लोखंडी पिंप, पिंपात खडी, भंगार रूळ,
ब्याऐंशी टन.
ते इंचाइंचाने वर चढायचं आणि थांबायचं.
सगळी ताकद ती. उचलून धरलेलं ओझं,
खाली यायची वाट बघणारं.
नदीवर भोंगा झाला की
पुलावरच्या खोलीत विल्फ्रेड गारबट लिव्हर ओढायचा.
इथे पिंप हातभर खाली,
तिथे सातशे टनांचा पूल, रुळांसकट,
फाटकासारखा उघडायचा.

माझा बाप इथला तेल्या. ॲम्ब्रोज स्टेदर.
घरात आधी चरबीचा वास यायचा, मग बाप.
ताग वळून, चरबीत बुडवून
तो दांड्याभोवती ठासायचा, पाणी झिरपू नये म्हणून.
तरी झिरपायचंच.
थेंब पडायलाच हवा, म्हणायचा, कोरडा दांडा घासतो.
थेंब मोजायचे मात्र.
आई म्हणायची, कधी डब्यातले पैसेही मोज.

मनोऱ्याच्या बाहेर, विटांवर, एक काटा,
आतल्या पिंपाला साखळीने बांधलेला.
साखळी कप्पीवरून, म्हणून सगळं उलटं:
पिंप वर, तर काटा खाली.
गावातल्या पोरांना हे आधी कळायचं, पाढे नंतर.
काटा तळाशी म्हणजे दाब भरलेला,
झोपा खुशाल.

बावन्नच्या फेब्रुवारीत, काठच्या चिखलावर बर्फाची साय,
मी शाळेला निघाले तर समोरची मिसेस पॉकली
दुधाची बाटली हातात धरून
दारातच उभी, मनोऱ्याकडे बघत.
काटा वर होता. पार वर,
मी कधी पाहिला नव्हता तिथे.
थेंब थेंब करत रात्रभर पिंप उतरलं होतं
आणि त्याला परत उचलायला
कुणी उठलं नव्हतं.

कुणी काही बोललं नाही.
गारबट धावत गेला, बुटाची नाडी सुटलेली.
बाप खुर्चीत होता, भट्टी विझलेली,
मांडीवर तागाचा पीळ, अर्धाच वळलेला.

कोळशाच्या एका बोटीची भरती त्या दिवशी चुकली.
तिने भोंगा दिला, पुन्हा दिला,
मग तिलाही कुणी तरी सांगितलं असावं.
कंपनीच्या वहीत नोंद आहे, मी पाहिलीय:
विलंब, पाच तास चाळीस मिनिटं.
कारण, दाब नाही.

आता पूल फिरवते विजेची मोटर,
बिस्किटांच्या डब्याएवढी. काही बिघडत नाही.
पिंप तळाशी बसून आहे, काटा वर,
कमानीत डोमकावळे.
मागे एका मुलाने विचारलं, हे घड्याळ बंद का?
त्याला कप्पी समजावली. त्याला ती कळली,
त्याच्या वडिलांना नाही.

चार वाजले की दार ओढून घेते.
लाकूड फुगलंय,
खांदा द्यावा लागतो.